उजवा अर्धा

२ फेब्रुवारी

प्रिय घुम्या,

पाकिटावर माझं अक्षर दिसलं तर तू ते न फोडताच कपाटावर टाकशील, असं आई म्हणाली. म्हणून पत्ता तिच्याकडून लिहून घेतला. तिचा हात थरथरतो, पोस्टमन वैतागेल, पण तू फोडशील. फसवणूक आहे खरी, पण ती इथपर्यंतच. पुढचं सगळं सरळ लिहिणार आहे.

कामाचं आधी सांगते. तुझा फेरविचाराचा अर्ज अजून निकालात निघालेला नाही. काल मी स्वतः फाइल पाहिली. करारावरच्या शिक्षकांची ती समिती ३१ मार्चला बरखास्त होते. त्याआधी एखादा नवा कागद दाखल झाला, तर त्यांना तुझा करार पुन्हा विचारात घ्यावा लागेल. अध्यक्ष मला म्हणाले, "तोंडी काही सांगू नका, बाई. बहिणीने भावाला चांगलं म्हटलं तर त्यात नवल काय? त्या वेळचा कागद असेल तर आणा."

त्या वेळचा कागद आहे, आणि तो तुझ्याकडे आहे. सहा वर्षांपूर्वी मी तुझ्या तासाला मागच्या रांगेत बसले होते, त्या नोंदीचा उजवा अर्धा.

आमच्या शिक्षक-प्रशिक्षण केंद्राची पद्धत तुला माहीत आहे. तरी लिहिते, हल्ली ती मला स्वतःलाच पुन्हापुन्हा समजावून सांगावी लागते. कागदाच्या मधोमध उभी रेघ मारायची. डावीकडे मिनिटामिनिटाला वर्गात काय घडलं ते लिहायचं, त्यात आपलं मत घुसडायचं नाही. उजवीकडे त्यावर मला काय वाटलं, काय आवडलं, कुठे प्रश्न पडला. तास संपला की खोली सोडायच्या आत कागद रेघेवर फाडायचा. उजवा अर्धा शिक्षकाचा. त्याची नक्कल नाही, तो दुसऱ्या कुणाला दाखवायचा नाही. डावा अर्धा केंद्राच्या कपाटात जातो, त्यावर नाव नसतं.

गेल्या वर्षी ते कपाट उघडलं गेलं आणि समितीपुढे नुसते डावे अर्धे आले. तुझ्या डाव्या अर्ध्यावर काय होतं ते मला पाठ आहे. '९.४१ शिक्षक टेबलावर एक गोल दगड ठेवतात. विचारतात, हा गोल का? ९.४२ गप्प. ९.४३ गप्प. ९.४४ गप्प. ९.४५ गप्प. ९.४६ मागच्या रांगेतली मुलगी बोलते.' एवढंच वाचलं तर कुणालाही वाटेल, मास्तरांना पुढचं आठवेना.

उजव्या बाजूला मी काय लिहिलं होतं ते तुझ्यामाझ्याशिवाय कुणालाच माहीत नाही. 'ही मी आजवर पाहिलेल्या सगळ्या तासांमधली सर्वांत चांगली चार मिनिटं. थांबायची एवढी हिंमत तू कुठून आणलीस?' शब्द थोडे इकडेतिकडे असतील. तो अर्धा पाठव. रजिस्टर पोस्टाने पाठव. मला दोन ओळी लिहिल्या नाहीस तरी चालेल, नुसता कागद घाल.

आई बरी आहे. रविवारी तुझा फोन आला की मी स्वयंपाकघरात जाते आणि नळ सोडते, म्हणजे तिला मोकळेपणी बोलता येतं.

ताई


१७ फेब्रुवारी

घुम्या,

पोचपावती आली. सही तुझ्या बायकोची आहे, म्हणजे पत्र घरात तरी पोचलं.

कागद हरवला असेल असं मला मुळीच वाटत नाही. चौथीच्या सहलीचं बसचं तिकीट ज्याने लग्न होईपर्यंत जपलं, तो माझ्या हातचा कागद टाकणार नाही. आणि तो तर तू मागून घेतलेला. तीन वर्षं माझ्यामागे भुणभुण लावली होतीस, "ताई, सगळ्या दुनियेच्या तासाला जाऊन बसतेस, एकदा माझ्या तासाला बस की." मी म्हणायचे, नियमात बसत नाही, नातेवाइकाचा तास बघायचा नसतो. शेवटी तुझं तोंड बघून नाही म्हणवेना.

आई सांगत होती, तू तिकडे मोटार चालवायला शिकवतोस. मी आधी हसले. शेजारी बसून तू गप्प राहिलास की शिकणाऱ्याला दरदरून घाम फुटत असेल. मग एकटीच बसून वाईट वाटून घेतलं. तीन वर्षांचा होईपर्यंत तू बोलला नव्हतास, आठवण आहे का? तुला कशी असणार, मला आहे. आई डॉक्टरांकडे न्यायला निघाली होती आणि त्याच सकाळी तू एकदम अख्खं वाक्य बोललास. "ताईने माझी पेन्सिल घेतली." घरात सगळ्यांना इतका आनंद झाला की मला ती पेन्सिल परत द्यायला कुणी सांगितलंच नाही.

आता इकडचं. नव्याने लागलेल्या शिक्षकांना विद्यापीठ अजूनही तीन दिवस आमच्याकडे धाडतं. दर खेपेला मी त्यांना तुझ्या दगडाची गोष्ट सांगते, नाव न घेता. एका शिक्षकाने दगड ठेवला, चार मिनिटं थांबला, आणि मी त्याच्या उजव्या अर्ध्यावर काय लिहिलं. बारा-तेरा वेळा तरी सांगून झाली असेल. लोक वहीत उतरवून घेतात. या वेळी संपल्यावर एक जण मागे थांबली. चष्मेवाली, किडकिडीत, तुझ्याच भूगर्भशास्त्र विभागात लागलेली. म्हणाली, "मॅडम, ती मागच्या रांगेतली मुलगी म्हणजे मी."

मला तिचं उत्तर आठवत नव्हतं. तिला शब्दन्‌शब्द आठवत होतं. "सर, हा पाण्यातून आलाय. पण इथे जवळपास नदीच नाहीये." त्यावर तू फक्त "मग?" म्हणालास. त्या एका 'मग'पायी पुढची पाच वर्षं याच विषयात घालवली, असं ती म्हणाली. सर आता कुठे असतात, असंही विचारत होती. मी म्हटलं, बाहेरगावी असतात.

जाताजाता हसली आणि म्हणाली, "तुम्ही माझ्या बाजूलाच बसला होता. सारख्या घड्याळाकडे बघत होता. मला वाटलं, मॅडमना कुठेतरी जायचंय."

मिनिटं टिपायची तर घड्याळ बघावंच लागतं. तिला काय माहीत.

कागद पाठव.

ताई


५ मार्च

घुम्या,

कपाट उघडलं गेलं, असं मी पहिल्या पत्रात लिहिलं. ते वाचून तू नाकातून हसला असशील, मला इथे ऐकू आलं. कपाटं आपोआप उघडत नाहीत. किल्ली माझ्या पर्समध्ये असते, नेलकटरच्या साखळीला. ती मी काढून दिली.

कशी दिली तेही सांगते. वरून पत्र आलं होतं की केंद्राने इतक्या वर्षांत काय काम केलं ते दाखवा. आमची खोली तुला माहीत आहे, जिन्याखालची, निम्मी मोडक्या खुर्च्यांनी भरलेली. अठरा वर्षांत आमच्या नोंदी कुणी मागितल्या नव्हत्या. मला वाटलं, आता यांना कळेल आपण काय करतो. लिहायला लाज वाटते, पण मी खूश होते. खोकी वर न्यायला शिपाई मिळेना तेव्हा दोन खोकी मी स्वतः उचलून नेली. तुझं त्यातल्याच एकात असणार.

मला वाटलं, नाव कुणाचंच नाही, मग भीती कसली? पण प्रत्येक तुकड्यावर तारीख होती, वेळ होती, खोलीचा नंबर होता. अध्यक्षांनी जुनी वेळापत्रकं मागवली. चहा येईपर्यंत प्रत्येक कागदाला नाव लागलेलं होतं. अठरा वर्षं मी लोकांना छातीठोकपणे सांगत आले की नाव नाही म्हणजे धोका नाही, आणि एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नाही. लोकांना शिकवायला शिकवणारी बाई मी. दिव्याखाली अंधार, दुसरं काय.

अकरा जणांचे करार वाढले नाहीत. त्यातला एक तू.

त्यानंतर काय झालं ते तुला कुणी सांगितलं नसेल. मी वर्गात शिरले की शिक्षक भराभरा बोलायला लागतात. श्वास घ्यायलासुद्धा कुणी थांबत नाही. प्रश्न विचारतात आणि मुलांनी तोंड उघडायच्या आत उत्तर स्वतःच देऊन मोकळे होतात. परवा एक जण फळा पुसतापुसता पाठमोरा बोलत होता, पहिल्या बाकाला तरी ऐकू जात होतं की नाही देव जाणे. माझ्या डाव्या बाजूला आता 'गप्प' हा शब्द येतच नाही. आणि स्टाफरूमच्या दारात मी दिसले की आतलं बोलणं बंद होतं. उजवा अर्धा फाडून दिला तर नको म्हणत नाहीत, घेतात आणि न उघडताच खिशात घालतात.

तुझा कागद वाचला तेव्हा मी तिथेच होते. मी बोलले नाही. म्हटलं, तोंड उघडलं तर म्हणतील बहीण बोलतेय, उलट तुलाच भोवेल. इकडे माझं केंद्र, तिकडे माझा भाऊ. आपलेच दात, आपलेच ओठ.

हे पत्र तरी आईच्या अक्षरातल्या पत्त्याशिवाय पाठवतेय. बघू.

ताई


१९ मार्च

घुम्या,

बारा दिवस राहिले.

काल आईला सगळं सांगितलं. आधी तिला एवढंच माहीत होतं की तुझं विद्यापीठातलं काम सुटलं आणि आपण बोलत नाही. ती बराच वेळ उशीचा अभ्रा सरळ करत बसली. मग म्हणाली, "तू त्याच्याकडे कागद मागतेस. माफी मागितलीस का?" मी म्हटलं, कागद आला तर त्याची नोकरी परत येईल, माफीने काय येणार आहे? ती म्हणाली, "तो देत नाही म्हणजे त्यात देण्यासारखं काही नसेल. घुम्या काही आकसाने धरून ठेवणारा नाही." मी तिच्यावर खेकसले. मग तिच्या गोळ्या काढून दिल्या, तर म्हणाली, ठेव तिथे, घेईन माझी मी.

तिने आणखी एक सांगितलं. तू तासाला जाताना घालायचास ते दोन शर्ट अजून इस्त्री करून हँगरला लावून ठेवतोस, मोटार शिकवायला वेगळे घालतोस, असं तुझी बायको तिला म्हणाली. हे मला कळायला नको होतं. तेव्हापासून दुसरं काही सुचत नाहीये.

मागच्या पत्रात अर्धवट लिहिलं. मी बोलले नाही, हे खरं नाही. त्यापेक्षा वाईट आहे. तुझा कागद वाचून झाल्यावर कुणीतरी म्हणालं, "हे शिकवणं आहे की मौनव्रत?" सगळे हसले. अध्यक्ष माझ्याकडे वळून म्हणाले, "बाई, नोंद तुमची आहे. तुमचं काही म्हणणं?" मी म्हणाले, "नोंद बरोबर आहे."

तीन शब्द. खोटा त्यातला एकही नाही. केंद्र चालू ठेवायचं की बंद करायचं हा त्याच दिवशीचा पुढचा विषय होता, कागदावर छापलेला मला दिसत होता. मी तुझा विचार केला नाही असं नाही. आधी केंद्राचा केला, मग माझा, आणि तुझ्यापर्यंत पोचायच्या आत ते पुढच्या कागदावर गेले होते.

आता तरी पाठव. माझ्यासाठी नको. त्या शर्टांसाठी पाठव.

ताई


२ एप्रिल

घुम्या,

तुझं पाकीट २७ तारखेला आलं. दुपारी, जेवणाच्या सुट्टीनंतर, केंद्राच्या पत्त्यावर. वजन लागत नव्हतं, म्हणून आधी वाटलं रिकामंच आहे.

आत कागद होता. डावी कड रेघेवर फाटलेली, वर कोपऱ्यात तारीख, खाली माझी सही. मध्ये काही नाही. मी तो उलटा करून पाहिला. खिडकीपाशी नेऊन उजेडात धरला, पेन्सिलीचं पुसट झालं असेल म्हणून. चष्मा पुसला. मग खुर्चीत बसले आणि तो दिवस आठवायला लागले, आणि तो फार सहज आठवला. तो तसाच तिथे होता, मीच कधी त्याच्याकडे गेले नव्हते.

त्या दिवशी साडेदहाला माझी मुलाखत होती. केंद्राच्या प्रमुखपदाची. तुझा तास पावणेदहाच्या सुमाराला कुठे जाणार याच्याशी मला घेणंदेणं नव्हतं. मी मिनिटं टिपत होते, कारण हात सवयीने टिपतो, आणि मनात उत्तरं जुळवत होते. तू दगड ठेवून थांबलास तेव्हा मला एकच वाटलं, आवर आता. चारही मिनिटं मी घड्याळ बघत होते. ती मुलगी खरं बोलली. तास संपला, मी कागद फाडला, खाली सही ठोकली, घडी घालून तुझ्या हातात दिली आणि म्हणाले, "घरी जाऊन वाच." जिना उतरताना मनात होतं, उद्या बोलू याच्याशी. नोकरी मिळाली, उद्या राहिलं.

ते सुंदर वाक्य मी नंतर कधीतरी केलं. पहिल्यांदा बहुधा प्रशिक्षणात कुणालातरी उदाहरण द्यायला. मग दर खेपेला सांगत गेले आणि ते माझ्या अक्षरातलं होऊन बसलं. तुझी शपथ, २७ तारखेच्या दुपारपर्यंत मला ते लिहिलेलं आठवत होतं. शाईचा डाग कुठे होता ते सांगितलं असतं, आणि आम्ही तर पेन्सिलीने लिहितो.

तीन वर्षं मागे लागून मिळवलेला कागद तू घरी जाऊन उघडलास. आणि सहा वर्षांत एका शब्दाने विचारलं नाहीस. मी विचारलं असतं रे. दुसऱ्या दिवशी सकाळीच दारात उभी राहिले असते. तू त्यातून काय समजलास, लिहिण्यासारखं काही दिसलं नाही असं? की बहिणीला भावाचं खरं सांगवेना असं? आणि गेल्या वर्षी तोच तास भरल्या बैठकीत वाचला गेला तेव्हा तुला काय वाटलं असेल, याचा विचार मी दोन मिनिटांपेक्षा जास्त करू शकत नाही. उठून काहीतरी करायला लागते.

आता हेही सांगते. २८ला मी पेन्सिलीला टोक काढलं. त्याच जातीची पेन्सिल आहे, खोकं भरून आहेत. अक्षर माझं, सही माझी, तारीख त्या दिवशीची. कुणाच्या बापाला कळलं नसतं. तू कोरा पाठवलास तो भरून द्यायलाच पाठवलास, अशी मी मनाची समजूत घातली. 'ही चार' एवढं लिहिलं. मग वाटलं, तुला भरून हवा असता तर तू तसं लिहिलं असतंस. पुसलं. कागद जुना आहे, पुसलेल्या जागी विरला. सोबत परत पाठवतेय, बोट फिरवलंस तर कळेल.

३१ला अध्यक्षांकडे गेले. घडलं ते सांगितलं. मुलाखत, घड्याळ, सगळं. म्हटलं, दोष माझ्या नोंदीचा आहे, त्याच्या तासाचा नाही. आणि हवं तर त्या तासातली एक मुलगी आज इथल्याच भूगर्भशास्त्र विभागात शिकवते, तिला बोलवा. ते उभ्याउभ्याच ऐकत होते, ड्रॉवर आवरत होते. म्हणाले, "म्हणजे उजव्या बाजूला काहीच नव्हतं?" मी म्हटलं, नव्हतं. "मग प्रश्नच मिटला," म्हणाले, आणि माझ्यासमोर फाइलवर सही केली. आयुष्यात एकदा वेळेवर खरं बोलले आणि त्यानेच तुझं दार लागलं. खोटं लिहिलं असतं तर तू जूनमध्ये वर्गात असतास. हे मी कुठल्या बाजूला लिहू ते मला कळत नाही.

केंद्राचं म्हणशील तर ते चालू राहणार आहे. आता आम्ही शिक्षकांना दहापैकी मार्क द्यायचे. मी राजीनामा दिलाय, पण दोनच महिने उरलेत निवृत्तीला, त्यामुळे त्याला कुणी भाव देत नाही.

एक नोंद तुझ्यासाठी केलीय. अठरा वर्षांत स्वतःवर कधी केली नव्हती.

'समिती कक्ष.
११.१० अध्यक्ष कागद वाचतात.
११.११ कुणीतरी म्हणतं, मौनव्रत. सगळे हसतात. नोंद करणारी बाईही हसते.
११.१२ अध्यक्ष तिला विचारतात.
११.१३ गप्प.
११.१४ "नोंद बरोबर आहे."
११.१५ पुढचा कागद.'

ती हसली होती, हे आधीच्या पत्रात मी गाळलं होतं. कागद फाडलेला नाही, अख्खा पाठवतेय. उजवा अर्धा तुझा. भर, नाहीतर राहू दे.

आईला पाकीट आल्याचं कळलंच. जेवताना म्हणाली, "आला का गं कागद?" मी म्हटलं, आला.

"काय लिहिलंय त्याने?"

मी म्हटलं, "त्याने काही नाही लिहिलं, आई. मी लिहिलेलंच परत पाठवलंय."

ती म्हणाली, "बरं केलं. बघ, जपून ठेवलं होतं त्याने."

ताई